मीठ कमी, चव कायम : गॅलरीतला पानओवा



ब्लडप्रेशर वाढले की डॉक्टर सांगतात, "मीठ कमी करा." पण वयाबरोबर जिभेची चव मंदावते आणि अळणी जेवण पुढे आले की भूकच मरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे. लोणची, पापड, ब्रेड यांतले मीठही त्यातच धरायचे. म्हणून मी गॅलरीत पानओवा ठेवते.

त्याची पाने जाड, लवदार असतात. वास ओव्याचा, पण कूळ तुळस-पुदिन्याचे. ओव्यातले आणि इथल्या झातरमधले सुगंधी द्रव्य यातही असते.

लावायला बी नको. ओळखीच्यांकडून वीतभर कोवळी फांदी आणा. पेराच्या खाली कापा, खालची पाने काढा आणि ग्लासभर पाण्यात उजेडात ठेवा. दोन दिवसांनी पाणी बदला. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांत मुळे दिसतात. मग तळाला भोके असलेल्या हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावा. कुंडी कमरेच्या उंचीवर ठेवा, वाकावे लागू नये.

माती वरून कोरडी झाली तरच पाणी द्या. जास्त पाण्याने मुळे कुजतात. सकाळचे ऊन चांगले, उन्हाळ्यातले दुपारचे नको. शेंडे खुडत राहा, झाड भरगच्च होते. त्याला थंडी सोसत नाही. यरुशलाईम, दिमोनाकडच्यांनी हिवाळ्यात कुंडी घरात घ्यावी. जुने झाड खोडकट होते, म्हणून दरवर्षी सुक्कोथच्या सुमारास नवी फांदी लावून ठेवावी.

पान चुरगळून ओव्याचा वास आला तरच खा. लवेत किडे लपतात, म्हणून एकेक पान उलटसुलट धुऊन बघा. दोन-तीन पाने बारीक चिरून डाळीत किंवा माशाच्या कालवणात घाला आणि मीठ निम्मे करा. दह्यातली चटणीही छान होते. ती मांसाच्या जेवणाबरोबर अर्थातच नाही. भजी सणापुरती.

एक महत्त्वाचे. दुकानात मिळणाऱ्या "कमी सोडियमच्या" मिठात बहुधा पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असेल किंवा ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील, तर त्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. आणि पानओवा म्हणजे औषध नव्हे; गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. खोकला तीन आठवडे हटला नाही, तर काढा पीत न बसता कुपत खोलीम गाठा.