छोट्या मोटारीवर काळ्या मातीचा चिखल

मोटारींच्या लहान प्रतिकृती जमविणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढते आहे. चकचकीत प्रतिकृती शोभेची वस्तू वाटते. तीवर धूळ व चिखल दाखविला, तर ती प्रवास करून आल्याचा भास होतो. मात्र हा चिखल कोणत्या मुलखातला, हे आधी ठरवावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली येथील कापसाची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे पाणी मिळताच फुगते आणि सुकताच आकसून भेगाळते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर चाकांना तिचे थरावर थर चढतात व गाडी जागीच रुतते. मुरमाच्या रस्त्यावरील धूळ तांबूस असते, तर वणीच्या कोळसा खाणींकडील धूळ काळीभोर.

मग शेतातलीच माती का लावू नये? १:२४ प्रमाणाच्या प्रतिकृतीत १ मिलिमीटरचा कण २४ मिलिमीटरच्या खड्यासारखा भासतो. शिवाय गोंदातील पाण्याने फुगलेली ही माती सुकताना तडकून गळून पडते. त्यामुळे प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा वस्त्रगाळ खडूची भुकटी, पांढरा गोंद आणि काळा-तपकिरी अॅक्रिलिक रंग यांचे मिश्रण सोयीचे ठरते. निव्वळ काळा रंग टाळावा. सुकलेली काळी माती प्रत्यक्षात करडीच दिसते.

गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही, म्हणून प्रथम मॅट वॉर्निशचा हात द्यावा. त्यावर पातळ धुळीचा थर, मग चाकांवरील पोकळीत आणि चाकांमागच्या भागात जाड चिखल, असा क्रम ठेवावा. चाक चिखल मागे व वर फेकते. म्हणून शिंतोडेही त्याच दिशेने हवेत. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने केस मागे ओढले, की ते सहज उडतात. धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होऊन धूळ ओढली जाते. त्यामुळे मागची काच व डिकी सर्वाधिक मळकट दाखवावी. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेले कमानीसारखे भाग आणि हात लागून स्वच्छ झालेल्या दाराच्या मुठी विसरू नयेत. ओला चिखल हवा असल्यास तेवढ्याच जागी चमकदार वॉर्निश लावावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. सुकलेला थर काढताना मूळ रंग खरवडला जातो आणि दुर्मीळ प्रतिकृतीचे मोल घटते. म्हणून पहिला प्रयोग स्वस्त किंवा तुटक्या गाडीवर करावा आणि भुकटी हाताळताना नाकावर मास्क बांधावा. नवशिक्यांचा हात बहुधा चिखल जास्त लावण्याकडे जातो. प्रत्येक डाग कोणत्या चाकाने, कोणत्या रस्त्यावर उडविला, हे सांगता येईल, तेवढाच चिखल पुरेसा असतो.