टायराची जन्मपत्रिका

मोटार कितीही ऐटबाज असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या रबराचा. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचा इशारा, सारे काही या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचते. असे असूनही दसऱ्याला झेंडूचा हार चढतो तो बॉनेटवर. चाकाखाली एकेक लिंबू चिरडले, की टायराचे कौतुक संपले!

सातारा-सांगलीकडे वडिलांची किंवा आजोबांची गाडी जिवापाड जपणारे हौशी पुष्कळ भेटतात. कुणाची फियाट, कुणाची ॲम्बॅसडर, कुणाची विलीज जीप. फियाटविषयी तर या भागाला थोडा घरचाच जिव्हाळा. ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बांधणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली, आणि त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. हीच गाडी पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली.

आता या गाड्या रोजच्या राहिल्या नाहीत. रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासला जावे, सणावारी औदुंबर किंवा नरसोबाची वाडी करावी, एवढाच त्यांचा प्रवास. रंग नवा होतो, निकेल चमकू लागते, गाद्या बदलतात. मग कुणीतरी सुचवतो, ‘‘आता टायरही झकास परफॉर्मन्सचे घाला!’’ खरा प्रश्न इथून सुरू होतो.

घोडा कोणता, नाल कोणती?

परफॉर्मन्स टायर म्हणजे काय? त्याचे रबर मऊ, भिंती बुटक्या आणि ताठ, तळ रुंद. वेगात वळण घेताना तो रस्ता घट्ट धरतो. त्याच्या कडेवर वेगाचे अक्षर असते. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. आता विचार करा, आपली फियाट उतारावर वारा पाठीशी घेऊन धावली तरी ‘एस’ची मर्यादा तिला स्वप्नातसुद्धा गाठायची नाही. मग ‘व्ही’साठी जादा पैसे मोजून साधायचे काय?

शिवाय जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसते. रुंद टायर घातला, की गाडी जागच्या जागी वळवताना दंडाला घाम फुटतो. टायर मडगार्डला आतून घासतो आणि मूळची डौलदार चाल बिघडते ती वेगळीच. तेव्हा जुन्या गाडीची कामगिरी वेगात मोजायची नाही. ओल्या उतारावर ती वेळेत थांबते का, एवढेच पाहायचे.

आपल्या मुलखात तर हे फारच महत्त्वाचे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला माणदेश आणि जत कोरडे ठणठणीत. सकाळी विट्याहून तापलेल्या रस्त्याने निघालेली गाडी संध्याकाळी धुक्यात पसरणीचा घाट उतरत असते. त्यातच गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून सांडलेली चिपाडे आणि चिखल! इथे नक्षीच्या खोल खाचा पाणी बाहेर फेकतात, म्हणून टायर रस्त्याला टेकतो. कायद्याने मोटारीच्या टायराची खाच निदान १.६ मिलिमीटर हवी. घाटात जायचे तर त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलावा.

आडवी वीण, उभी वीण

जुन्या गाड्या निघाल्या तेव्हा टायर क्रॉस-प्लाय जातीचे असत. त्यांच्या आतले दोरे बाजेच्या विणीसारखे तिरपे, एकमेकांना छेदणारे. मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेतले ते रेडियलचे. त्यात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि तळाखाली मजबूत पट्टा असतो. म्हणून रेडियल कमी तापतो, जास्त टिकतो आणि ओल्यात चांगला चिकटतो. क्रॉस-प्लाय मात्र दिसायला अस्सल, आणि सावकाश चालीत स्टिअरिंगला हलका.

गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल, तर अस्सलपणाला मान द्यावा. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. अशा गाड्यांनी रोजचा प्रवास करायचा नसतो. पण मुलाबाळांना घेऊन घाट उतरायचा असेल, तर योग्य मापाचे रेडियल घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र एक पथ्य कडक पाळावे. एका आसावर एक क्रॉस-प्लाय आणि एक रेडियल कदापि नको. दोनच रेडियल परवडत असतील, तर ते मागे घालावेत; पुढे घातले तर पुढची पकड वाढते आणि वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. जुन्या रिमा ट्यूबच्या काळातल्या, म्हणून रेडियलला चालणारी ट्यूब आत हवीच. आणि रिमेला गंज किंवा चीर असेल, तर आधी तिचा बंदोबस्त.

मापाचे गणित

पद्मिनीचे जुने माप ५.२०-१४ आणि ॲम्बॅसडरचे ५.९०-१५. पहिला आकडा टायराची रुंदी इंचांत, दुसरा रिमेचा व्यास. नवे माप निराळे लिहितात. समजा, १५५/८० आर १४. रुंदी १५५ मिलिमीटर. भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १२४. वरची आणि खालची मिळून २४८. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६. बेरीज केली, की पूर्ण चाकाचा व्यास येतो ६०३.६ मिलिमीटर. हा आकडा मूळ टायराच्या व्यासाशी ताडून पाहावा. फरक फार पडला, तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो.

मापापुढे भाराचा आकडा असतो. ७५ म्हणजे एका टायरावर ३८७ किलो, चारांवर १५४८. फियाट रिकामी सुमारे ९०० किलोंची. त्यात पाच माणसे, वळकट्या, पाण्याची कळशी आणि फराळाचे डबे! हिशेब बसतो, पण मागच्या चाकांवर भार अधिक पडतो हे विसरू नये. भाराचा आकडा मूळ टायरापेक्षा कमी कधीच नको.

आणि आता जन्मपत्रिका

दुकानात नक्षी चाचपण्याआधी कडेवरचे चार आकडे वाचावेत. लांबट चौकटीत, अक्षरांच्या ओळीच्या शेवटी ते असतात. ‘२३१८’ असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. तीनच आकडे असतील, तर तो २००० सालापूर्वीचा. तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

रोजच्या गाडीचा टायर झिजून मरतो. हौसेच्या गाडीचा टायर म्हातारा होऊन मरतो. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची नक्षी कित्येक वर्षे कोरी दिसते आणि मालक म्हणतो, ‘‘नवाच तर आहे!’’ पण रबर आतून कडक झालेले असते. गंधक मिसळून तापवलेले रबर टिकाऊ होते हे चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधून काढले खरे, पण त्याला अमरपट्टा कुणी दिलेला नाही. हवेतला प्राणवायू रबराला ताठर करतो आणि ओझोन ताणलेल्या जागी बारीक तडे पाडतो. टायरात मिसळलेली रक्षक द्रव्ये चाक फिरताना पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली, की तेही मंदावते. म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली, की नक्षी कितीही शाबूत असो, त्याला निरोप द्यावा, असा अनेक कारखानदारांचा सल्ला आहे.

जुनी मापे दुर्मिळ होत चालली आहेत. त्यात जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित केली. त्यामुळे मिळाले की आठ-दहा टायर घेऊन ठेवावेत, असा मोह होतो. तो आवरावा. साठवण उत्तम असली तरी घड्याळाची गती मंदावते, ते थांबत नाही. चार चाके आणि एक स्टेपनी, एवढा संसार पुरे.

हरिपूरचे पेव

साठवण कशी असावी, हे शिकायला सांगलीकरांना दूर जायला नको. हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षे टिकत आली. अंधार, गारवा, कोरडेपणा आणि हवेला मज्जाव, एवढीच त्यातली युक्ती. टायरालाही नेमके हेच हवे.

सुटा टायर साबणाच्या पाण्याने धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा आणि काळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, तोंड बांधावे. चकाकीची तेले चोळू नयेत. रॉकेल, डिझेल, ग्रीस यांचा संपर्क नको. पाण्याचा पंप, वेल्डिंगचे यंत्र यांच्याजवळ ठेवू नये. त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. पत्र्याखालचा माळा वैशाखात भट्टी होतो, तोही नको. रिमेशिवायचे टायर उभे ठेवून महिन्याला थोडे फिरवावेत. रिमेसह असतील तर आडवे एकावर एक रचावेत. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून, सैल घडी करून ठेवावी. खडूने ‘उजवा पुढचा’, ‘डावा मागचा’ असे लिहिले, की पुढे घोटाळा नाही.

गाडीच महिनोन्‌महिने उभी राहायची असेल, तर आसाखाली भक्कम स्टँड देऊन चाके अधांतरी करावीत. ते जमत नसेल, तर हवा थोडी जास्त भरावी, पण टायरावर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. दर पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे ढकलावी. नाहीतर टायर बुडाशी चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर ‘धब् धब्’ असा ताल धरतो.

पेवाचा दुसरा धडा मात्र कटू आहे. २००५ च्या महापुरात हरिपूरची पुष्कळ पेवे कामातून गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. तेव्हा सांगलीत नदीकाठच्या भागातल्या घरांत टायरांची जागा तळघरात किंवा तळमजल्यावर नको. वरच्या मजल्यावरची उत्तरेची अंधारी खोली बरी. पुराचे पाणी लागलेला टायर रिमेवरून उतरवून आतून-बाहेरून तपासल्याशिवाय चालवू नये. जावळी-महाबळेश्वरकडे पुराऐवजी दमट हवेशी गाठ. तिथे रिमा घासून रंगवून ठेवाव्यात.

घरात ‘‘खोलीत आता टायर ठेवायचे का?’’ असा सवाल उठणारच, आणि तो रास्तच आहे. पण त्या खोलीतल्या काळ्या पिशव्यांवर घरातल्या माणसांचा जीव तोललेला असतो, हेही सांगायला हवे. दिवाळीची साफसफाई चालूच असेल. कोनाडे झाडून झाले, की बॅटरी घेऊन गाडीपाशी खाली वाकावे आणि पाचही टायरांचे चार-चार आकडे वहीत टिपून घ्यावेत. स्टेपनीचे आधी पाहावेत. सर्वांत म्हातारी बहुधा तीच निघते!