शोध मंद का होतो?

आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्गीकरणावर बोलत राहतो. आज त्याचा रोखठोक उपयोग पाहू. महाभूलेखवर सातबारा काढताना आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं, मग गट क्रमांक किंवा नाव. हा क्रम कशाला?

समजा, तक्त्यात १ कोटी नोंदी आहेत. इंडेक्स नसेल तर यंत्र पहिल्या ओळीपासून वाचत सुटतं, आणि शेतकरी सेतू केंद्रात ताटकळतो. इंडेक्सच्या एका पानात २०० नोंदी धरा: ३ पायऱ्यांत ८० लाख, ४ पायऱ्यांत १६० कोटी! म्हणजे चार पानं उलटली की नोंदीचा पत्ता सापडतो. पण इंडेक्स आधी गाव, मग गट असा रचलेला असेल आणि आपण नुसता गट विचारला, तर तो बहुधा कामाचा नाही. आडनाव माहीत नसताना टेलिफोन डिरेक्टरी घेऊन बसण्यासारखंच ते. नावाचा शेवट 'राव' आहे एवढंच माहीत असलं, तरी तीच गत.

तेव्हा आधी निदान. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लिहा. यंत्र कोणत्या वाटेनं जाणार ते सांगतं. मोजक्याच नोंदी हव्या असताना 'सेक स्कॅन' दिसलं, तर इंडेक्स नाही किंवा वापरला जात नाही, असा संशय घ्यावा. बहुतेक सगळ्याच नोंदी हव्या असतील, तर मात्र तीच वाट बरोबर. आणि दिसेल त्या रकान्याला इंडेक्स लावत सुटू नये. प्रत्येक नवा फेरफार त्या सगळ्यांतही नोंदवावा लागतो.