ए.बी. रोड: मजल दरमजल

'ए.बी. रोडवर भेटू' असं आपण इंदूरकर दिवसातून दहादा म्हणतो. ए म्हणजे आग्रा, बी म्हणजे बॉम्बे, हे मात्र बऱ्याच नव्या मुलांना सांगावं लागतं. सरकारी कागदावर तर हा रस्ता आता एक राहिलेलाच नाही. पूर्वी सगळा मिळून राष्ट्रीय महामार्ग ३ होता. आता आग्रा ते ग्वाल्हेर ४४, ग्वाल्हेर ते ब्यावरा ४६, ब्यावरा-इंदूर-धुळे ५२, धुळे-नाशिक ६०.

या रस्त्यावरची गावं कुठे वसली, हे बैलांनी ठरवलं. लादलेली गाडी दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर जाणार. तेवढ्या अंतरावर पाणी, सावली आणि निजायला जागा हवीच. म्हणून बावडी, सराई, चिंच-वडाची झाडं आणि त्यांच्याभोवती बाजार. महू ही १८१८ची इंग्रजी छावणी, पण तीही इंदूरपासून एका मजलेवरच. आजचं माप वेगळं आहे: टोलनाक्यांमध्ये नियमाने साठ किलोमीटरचं अंतर. ढाबे, पंप, हॉटेलं त्या हिशेबाने उभी राहतात. मधली गावं गाडीच्या काचेतून नुसती पाटीपुरती दिसतात.

मानपूरनंतर विंध्य उतरताना जमीनच बदलते. माळव्याच्या पठारावरून खलघाटला नर्मदेपर्यंत येईतो आपण जवळजवळ चारशे मीटर खाली येतो. वर काळी माती, जिथे ज्वारी-कापूस मागे सरून सोयाबीन आलं. खाली निमाड, तिथे अजून कापूस आणि मिरची. हवासुद्धा एकदम गरम लागते. घाटातला उतार सोपा करायला डोंगर कापला गेला, आणि ट्रकांचे अपघात पाहता ते करणं भागच होतं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरांबद्दल. जुनी घरं रस्त्याकडे तोंड करून: खाली दगडी जोतं, वर लाकडी माडी, पुढे ओटा. वाटसरू तिथे बसायचा, पाणी मागायचा. दर डांबरीकरणात रस्ता चार बोटं वर चढला, ओटा तेवढाच खाली गेला, मग पावसाचं पाणी घरात. रुंदीकरणात ओटा गेला. बायपास झाल्यावर गिऱ्हाईकही गेलं. मालकाने शटर लावून काँक्रीटचं दुकान काढलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

किल्ल्यावाड्यांचं थोडं बरं आहे. सेंधव्याचा किल्ला रस्त्याला लागूनच आहे. १८१८च्या मंदसोर तहात होळकरांना तो सोडावा लागला, कारण तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती सातपुड्याचा घाट. खाली चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल उभा आहे. त्यांची नोंद तरी आहे. सराईच्या पडक्या भिंतीची, बुजलेल्या बावडीची कोण ठेवणार?

आणि हा बदल फक्त जुन्यालाच खातो असं नाही. इंदुरात याच रोडवर २०१३मध्ये बीआरटीएस सुरू झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये हायकोर्टाने ती काढायला सांगितली. बारा वर्षं!

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज खानदेश, नाशिककडून याच वाटेने वर आले. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा: मुक्काम कुठे पडला होता, पाणी कुठलं प्यायलं? गावाचं नाव कळलं की पुढच्या सुट्टीत बायपास सोडून आत वळा आणि जे उभं आहे त्याचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. मंडळाकडे पाठवलात तर आपण ते एकत्र लावू.