जीर्ण टर्बोची घरगुती पुनर्बांधणी : एका शब्दाच्या निमित्ताने

यंत्राच्या दुरुस्तीचा विचार भाषाभ्यासकाने करावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि दुरुस्ती ही हाताइतकीच शब्दांनी चालणारी क्रिया आहे. दोष कोणता, तो कोठे आहे, काय सोडावे आणि काय बदलावे, हे सर्व निर्णय कोणत्या तरी शब्दाच्या आधारे घेतले जातात. जेथे यंत्र दोन गोष्टींत भेद करते आणि भाषा करीत नाही, तेथे हात चुकतो. मोटारीच्या टर्बोचार्जरची घरच्या घरी पुनर्बांधणी हे या विधानाचे एक चांगले उदाहरण होय.

हा विषय आजच्या परभणी जिल्ह्यात केवळ पुस्तकी नाही. मारुती सुझुकी कंपनीने २००७ मध्ये आपल्या स्विफ्ट मोटारीस १.३ लिटरचे टर्बोयुक्त डिझेल इंजिन दिले आणि एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे थांबविले. त्या वर्गातील मोटारी आता जुन्या झाल्या असून जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती धावताना दिसतात. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर चढतो. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर चोंदवते. अशा मोटारीचा टर्बो झिजला की नवा घेण्याऐवजी बेअरिंग, सील व गॅस्केट यांचा संच, म्हणजे ज्याला बाजारात ‘किट’ म्हणतात तो, आणून अंगणातच काम उरकण्याचा मोह होतो. हा मोह सर्वस्वी अयोग्य नाही. मात्र त्याची मर्यादा नेमकी कळली पाहिजे.

१. यंत्राची रचना

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच शक्ती वाया जाते. तिचा उपयोग करून इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. मोटारींत ती १९६२ मध्ये अमेरिकेत प्रथम आली. टर्बोयुक्त डिझेल इंजिनाची पहिली विक्रीची मोटार मर्सिडीज-बेंझने १९७८ मध्ये काढली.

टर्बोत एका शाफ्टच्या दोन टोकांस दोन पंखे असतात. एक्झॉस्टच्या बाजूचा पंखा निकेलच्या मिश्रधातूचा असून तो शाफ्टला कायमचा जोडलेला असतो. हवेच्या बाजूचा पंखा बहुधा ॲल्युमिनियमचा असून तो नटाने आवळलेला असतो. दोहोंच्या मधल्या हौसिंगमध्ये शाफ्टला आधार देणारे दोन बुश आणि शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारी थ्रस्ट बेअरिंग असते. पंख्यांसह या मधल्या भागास ‘कार्ट्रिज’ म्हणतात. लहान मोटारीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक. एवढ्या वेगात धातूवर धातू घासला तर तो क्षणभरही टिकणार नाही. म्हणून बुशच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे, इंजिनाच्या ऑइलचा पातळ थर असतो. शाफ्ट त्या थरावर तरंगतो आणि बुशही त्यात फिरत राहतो. याचा अर्थ असा, की टर्बोची खरी बेअरिंग पितळेची नसून ऑइलची आहे.

२. ‘प्ले’ : एक शब्द, तीन अर्थ

टर्बो तपासताना हवेचा पाईप काढून शाफ्टचे टोक बोटांनी हलवून पाहतात. ते हलले, तर ‘प्ले आला’ असा निर्णय होतो. हा इंग्रजी शब्द मराठी गॅरेजांत रुळला आहे. तो पुल्लिंगी चालतो आणि ‘येणे’ हे क्रियापद घेतो. शब्द परका आहे, ही त्याच्याविषयीची तक्रार नव्हे. तक्रार ही, की तीन निरनिराळ्या गोष्टी त्याच्या पोटात एकत्र झाल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ऑइलसाठी मुद्दाम ठेवलेली जागा. इंजिन बंद असताना ती रिकामी असते, म्हणून नवा टर्बोही बोटाने बाजूला थोडा हलतो. हा दोष नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे झिजेमुळे वाढलेली हालचाल. ती इतकी वाढू शकते, की पंख्याची पाती हौसिंगला घासतात आणि त्यांच्या कडा चमकू लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे शाफ्टची आत-बाहेर होणारी हालचाल. ती मोटारीच्या टर्बोत बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी अपेक्षित असते आणि बोटाला स्पष्ट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेली असे समजावे. बाजूची हालचाल याहून अधिक चालते. नेमकी मर्यादा त्या त्या टर्बोच्या निर्मात्याच्या पत्रकातून घ्यावी आणि डायल गेजने मोजावी. बोटाची साक्ष केवळ प्राथमिक होय.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त (१९१६) विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. ‘प्ले’ या शब्दाला गॅरेजच्या भाषेत शेजारीच नाही. म्हणून त्याचे मूल्य निश्चित होत नाही. वास्तविक मराठीत या भेदासाठी शब्द आहेत. मुद्दाम ठेवलेल्या जागेस ‘मोकळीक’ आणि झिजेने आलेल्या दोषास ‘ढिलाई’ म्हटले, की पहिला गोंधळ मिटतो. दिशेच्या बाबतीत ‘आडवा’ व ‘उभा’ हे शब्द सुचतात, पण ते टाळलेले बरे. टर्बो इंजिनावर असताना जे आडवे, तेच बाकावर उभा ठेवल्यावर उभे होते. ‘बाजूची’ व ‘आत-बाहेरची’ हे शब्द शाफ्टच्याच संदर्भाने ठरतात आणि पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून राहत नाहीत.

३. निदान : ‘खाणे’ आणि ‘फेकणे’

गॅरेजची भाषा सर्वत्र अशी अपुरी आहे असे मात्र नाही. ‘इंजिन ऑइल खाते’ आणि ‘टर्बो ऑइल फेकतो’ या दोन वाक्प्रयोगांत तिने मार्मिक भेद केला आहे. पहिल्यात ऑइल इंजिनाच्या आतच जळते. दुसऱ्यात टर्बो ते हवेच्या किंवा एक्झॉस्टच्या मार्गात ढकलतो. निळसर धूर दोहोंतही दिसतो. म्हणून टर्बो सोडण्यापूर्वी पाईप काढून ऑइल कोठे साचले आहे ते पाहणे भाग आहे. काळा धूर आणि ‘पिकअप नाही’ ही तक्रार मात्र हवा कमी पडल्याची खूण होय. फाटका पाईप किंवा चोंदलेला फिल्टर हेही तिचे कारण असू शकते.

‘सील गेले’ हे निदान त्याहून फसवे आहे. सील म्हणताच रबराचे घट्ट बूच डोळ्यांपुढे येते. टर्बोचे सील तसे नसते. ती पिस्टनच्या रिंगसारखी, एका जागी चिरलेली धातूची बारीक कडी असते. ती ऑइलला पूर्णपणे अडवीत नाही. दोन्ही बाजूंच्या दाबाचा तोल आणि खाली मोकळेपणाने निथळणारे ऑइल, या दोहोंवर तिचे काम अवलंबून असते. ऑइल परत नेणारी नळी चोंदली, इंजिनाच्या पोटातील दाब वाढला किंवा एअर फिल्टर गच्च भरला, तर निर्दोष टर्बोही ऑइल फेकू लागतो. अशा वेळी नवे किट घातले तरी दोष आठ दिवसांत परत येतो. यास्तव पुनर्बांधणीचा पहिला नियम असा, की टर्बो का गेला हे कळल्याखेरीज तो सोडू नये.

४. सोडणे, पाहणे, ठरविणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बो उतरवितात. हौसिंग एकमेकांपासून सुटे करण्याआधी त्यांची परस्पर स्थिती दाखविणाऱ्या खुणा कराव्या लागतात. अन्यथा जोडताना ऑइलची नळी व पाईप आपल्या जागी येत नाहीत. त्याहून महत्त्वाची खूण शाफ्टचे टोक, हवेचा पंखा आणि नट यांवर एका ओळीत करावयाची असते. या तिन्ही वस्तूंचा समतोल एकत्र साधलेला असतो. जोडताना त्या त्याच स्थितीत आल्या पाहिजेत.

पुष्कळ टर्बोंत हा नट उलट्या आट्यांचा असतो. ‘उलटे आटे’ हा कारागिरांचा शब्द निर्दोष आहे, कारण तो आट्यांचा गुण सांगतो. ‘डावीकडे फिरवा’ ही सूचना मात्र नटाच्या वरच्या कडेला लागू पडते आणि खालच्या कडेला विपरीत होते. नट सोडताना पंखा हाताने किंवा पकडीने धरू नये. ॲल्युमिनियमचे पाते वाकले, की तो पंखा बाद झाला. शाफ्ट दुसऱ्या टोकाला, एक्झॉस्टच्या पंख्याच्या मध्यावरील उंचवट्यास पाना लावून धरावा.

सुटे भाग रॉकेलने वा डिझेलने धुऊन, मऊ ब्रशने साफ करून, ऑइलची भोके हवेने मोकळी करावी. त्यानंतर निर्णयाचा क्षण येतो. शाफ्टवर जेथे बुश बसतात तेथे नखाला अडेल एवढी रेघ असेल, तापून निळेपणा आला असेल किंवा मायक्रोमीटरने माप कमी भरत असेल, तर नवे बुश घालून उपयोग नाही. शाफ्ट आणि एक्झॉस्टचा पंखा एकजीव असल्यामुळे तो संपूर्ण भागच बदलावा लागतो आणि बदललेल्या भागाचा समतोल खास यंत्रावरच साधता येतो. घरगुती कामाची सीमा येथे संपते. पाती मोडली किंवा घासली असतील, तरीही तोच न्याय. अशा वेळी समतोल साधलेले नवे कार्ट्रिज घेणे शहाणपणाचे होय. ज्या टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूस हलत्या पट्ट्या असतात, त्याची जुळणी हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर करतात. तेही काम अंगणातले नव्हे.

थोडक्यात, शाफ्ट व पंखे निर्दोष असून केवळ बुश, थ्रस्ट बेअरिंग आणि कड्या झिजल्या असतील, तरच घरी पुनर्बांधणी करावी. तिच्याबद्दल वापरला जाणारा ‘टर्बो बनविणे’ हा प्रयोग यामुळे किंचित भ्रामक ठरतो. बनविले असे काहीच जात नाही. झिजलेले तेवढे बदलून मूळचा तोल राखला जातो.

५. जोडणी व पहिली सुरुवात

जोडताना प्रत्येक भाग स्वच्छ इंजिन ऑइलने भिजवावा. कड्या आपल्या खाचांत बसवून शाफ्ट हलक्या हाताने आत घालावा; जोर केल्यास कडी तुटते. सांगितलेल्या मापानेच नट आवळावा आणि हालचाल पुन्हा मोजावी. ऑइलच्या वाटेवर सिलिकॉनचा लेप लावू नये. त्याचा सुटलेला तुकडा भोक बंद करतो. इंजिनाचे ऑइल व फिल्टर बदलावे, ऑइलची नळी आतून साफ करावी किंवा नवी घ्यावी, आणि इंटरकूलर व पाईप यांत साचलेले जुने ऑइल काढून टाकावे.

या शेवटच्या सूचनेत केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. डिझेल इंजिनाला हवेच्या मार्गाने ऑइल मिळाले, तर ते त्याच इंधनावर धावू लागते. चावी काढली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि हवा बंद करता आली नाही तर इंजिन स्वतःचा नाश करून घेते. जवळ उभ्या असलेल्या माणसालाही त्यात धोका असतो.

पहिल्या वेळी इंजिन लगेच पेटवू नये. टर्बोच्या तोंडात ऑइल ओतावे, इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवावे, परतीच्या नळीतून ऑइल येते असे दिसल्यावरच ते सुरू करावे आणि काही मिनिटे मंद गतीवर ठेवावे. पुढेही लांबच्या प्रवासानंतर इंजिन तत्काळ बंद न करता थोडा वेळ चालू ठेवण्याची सवय हितावह आहे. थांबलेले ऑइल तापलेल्या टर्बोत करपते आणि त्याचा कोळसा तीच सूक्ष्म मोकळीक भरून टाकतो.

६. उपसंहार

मराठीच्या तांत्रिक परिभाषेविषयीचा वाद बहुधा शब्दांच्या कुळाभोवती फिरत राहिला आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून पारिभाषिक शब्द घडविण्याचे मोठे कार्य झाले. बेअरिंगसाठी ‘धारवा’ हा शब्द त्याच परंपरेतला असून तो अर्थवाही व सुंदर आहे. तथापि गॅरेजात तो पोचला नाही. उलट ‘प्ले’ पोचला, पण भेद न करणारा म्हणून अपुरा राहिला. म्हणजेच संस्कृतोद्भव असणे किंवा इंग्रजी असणे, यांपैकी कोणताही गुण शब्दाला कामाचा बनवीत नाही. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, दुरुस्ती फारसीतून आली, झीज घरचीच आहे. तिघेही एका वाक्यात सुखाने नांदतात.

शब्दाची खरी कसोटी एवढीच, की हाताला जेथे भेद करावयाचा आहे तेथे तो शब्द भेद करून देतो किंवा नाही. ‘मोकळीक’ आणि ‘ढिलाई’ हे दोन साधे शब्द ज्याच्या जवळ आहेत, तो चांगला टर्बो विनाकारण सोडणार नाही आणि गेलेला टर्बो ‘थोडा प्ले आहे’ म्हणून चालवीत राहणार नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी कोशाबरोबर कामाचा बाकही पाहावा, आणि बाकावरच्या बोलीत जे भेद आधीच आहेत त्यांची नोंद प्रथम करावी. ‘खाणे’ व ‘फेकणे’ यांसारखे भेद कोणत्याही समितीने घडविलेले नाहीत. ते कामातून आले आहेत आणि म्हणूनच टिकले आहेत.