कार्ड आहे, कॉल नाही

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या घरात जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक कार्ड हमखास सापडते. दहावीच्या मार्कशीटला चिकटून बसलेले, घडीवर विरलेले, मागच्या बाजूला नूतनीकरणाचे शिक्के. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड! निकाल लागला की पहिल्या आठवड्यातच शेजारचे काका विचारायचे, ‘‘एक्स्चेंजला नाव घातलंस का?’’ त्यानंतर वर्षानुवर्षे एकच प्रश्न, ‘‘कॉल आला का?’’ ठरल्या मुदतीत कार्ड रिन्यू केले नाही तर ज्येष्ठता जायची, म्हणून आमच्या वर्गातली मुले मिळालेल्या तात्पुरत्या कामावर खाडा करून रांगेत उभी राहायची. नोकरीसाठीच्या कार्डापायी रोजगार बुडवायचा, यात कुणाला काही गैर वाटत नसे.

या कचेऱ्या मुळात फौजेसाठी निघाल्या. 1945 साली, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, घरी परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. 1947 मध्ये फाळणीतल्या निर्वासितांची सोय त्यांच्याकडे आली आणि 1948 पासून त्यांची दारे सगळ्यांना खुली झाली. 1956 मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला.

खरी मेख आहे ती 1959 च्या कायद्यात. सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. कळवल्या नाहीत तर पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा चुकल्यास 1000 रुपयांपर्यंत. मात्र त्याच कायद्यात असेही लिहून ठेवलेले, की जागा कळवली म्हणून एक्स्चेंजचाच उमेदवार घेण्याचे बंधन मालकावर नाही. म्हणजे माहिती सक्तीची, भरती ऐच्छिक. कारखान्याचा क्लार्क दर तिमाहीला विवरणपत्र भरून मोकळा व्हायचा आणि माणूस मात्र कुणाच्या तरी ओळखीने लागायचा. सरकारी नोकऱ्यांचे तेवढे या यादीतून चालत असे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एक्स्चेंजकडून नावे मागवाच, पण जाहिरातही द्या. यादीत नाव नसलेल्यालाही अर्जाचा हक्क आहे. निकाल न्याय्यच होता. पण त्यानंतर कार्डाची उरलीसुरली पतही ओसरत गेली.

मग पाट्या बदलल्या. सेवायोजन कार्यालयाचे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झाले, पुढे त्यात कौशल्य विकास आणि उद्योजकता आली. आता नाव एवढे लांब झाले आहे की रिक्षावाल्याला अजूनही ‘एक्स्चेंज’ सांगितले तरच पत्ता लागतो. केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 मध्ये आले, राज्याचे ‘महास्वयंम’ आले. रांग मिटली, हे चांगलेच झाले. पण पोर्टलवर आधार क्रमांक आणि शिक्षण भरणारी मुलगी काय विचारते आहे, हे पोर्टलला ऐकू येत नाही.

समजा, तालुक्याच्या गावातली बारावी आणि आयटीआय झालेली मुलगी रोजगार मेळाव्याला येते. टेबलावर बायोडाटा ठेवला, पाच मिनिटांत ‘सिलेक्ट’. जागा चाकणला. सेकंड शिफ्ट रात्री अकराच्या पुढे सुटणार. कंपनीची बस कुठपर्यंत? खोली किती जणींत, डिपॉझिट किती? पीएफ कापून हातात काय येणार? नोकरी कंपनीची की ठेकेदाराची? ही उत्तरे टेबलावर नसतात. मुलगी रुजू होत नाही किंवा महिन्याभरात परतते आणि शेरा पडतो, ‘हल्लीच्या मुलांना कामच नको.’ हा शेरा मला फार आळशी वाटतो.

हे प्रश्न आधी विचारणारा माणूस म्हणजेच रोजगार सेवा. आठवड्यातले दोन दिवस एमआयडीसीत फिरणारा, कुठल्या कारखान्यात वेल्डर टिकत नाहीत आणि का टिकत नाहीत हे ठाऊक असलेला, उरलेले दिवस मुलांसमोर बसणारा. जर्मनीत आधार भत्त्यावर असलेल्यांच्या जॉबसेंटरसाठी कायद्यातच प्रमाण दिले आहे: पंचवीस वर्षांखालच्या 75 जणांमागे एक सल्लागार, मोठ्यांसाठी 150 मागे एक. आपल्याला उद्याच ते झेपणार नाही. पण आपल्याकडे कुणी निदान प्रमाण तरी ठरवले आहे का?

पैसा नाही, असेही नाही. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने काम शिका. बारावीला महिना 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी ‘कायम करा’ म्हणत रस्त्यावर आले. त्यांचे चुकले, असे म्हणवत नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत अकरा महिने काढलेल्या मुलाला बाराव्या महिन्यात कुठे जायचे, हे कुणीतरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच त्याच्याशी बसून ठरवायला हवे होते. विद्यावेतनाची सोय झाली, त्या कुणातरीची झाली नाही.

आता सामाजिक सुरक्षा संहितेत एक्स्चेंजच्या जागी ‘करिअर सेंटर’ हा शब्द आला आहे. पुन्हा पाटी रंगवली जाईल. रंगवा. फक्त एक करा: मेळाव्याच्या संध्याकाळी ‘इतक्या उमेदवारांची निवड’ असा फलक लावता, त्याच फलकावर सहा महिन्यांनी त्यातले किती जण अजून कामावर आहेत, तो आकडाही लिहा.