झाड नसलेला निसर्ग

२०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. पुढच्या तीन वर्षांत लागवडीचे लक्ष्य अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटींवर गेले. रोपे किती जगली, यावरून विधिमंडळापर्यंत वाद पोहोचला. पण ज्या माळांवर खड्डे खणले गेले, तिथे आधी काय होते, हे फारसे कुणी विचारले नाही. बहुतेकांच्या लेखी तिथे काहीच नव्हते.

सह्याद्री ओलांडून पूर्वेला आले की पाऊस झपाट्याने कमी होतो. सोलापूर, माण, फलटण, कर्जत, इंदापूर हा पट्टा पर्जन्यछायेतला. मुरमाड जमिनीवर पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवते आणि मधूनच एखादा हिवर, बोर किंवा तरटी. पावसाळ्यानंतर सारे पिवळे पडते आणि पाहणाऱ्याला वाटते, माळ मेला. प्रत्यक्षात गवताचा मोठा जीव जमिनीखाली, मुळांत असतो. म्हणून चराई किंवा वणवा सोसून गवत पुन्हा फुटते. त्याने साठवलेला कार्बनही बराचसा तिथेच असतो. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तणमोर, धाविक ही सगळी याच उघड्यावरची वस्ती. माळढोक पक्षी तर जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. धोका लांबूनच दिसावा, यावर त्याचे जगणे उभे आहे. अशा जागी गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा उभ्या केल्या की हिरवळ वाढते आणि माळढोकाचे घर जाते.

दख्खनचे माळ म्हणजे कधीकाळचे घनदाट अरण्य, माणसाने तोडून उजाड केलेले, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समजाची परीक्षा मराठी साहित्यातच घेतली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत आणि मौखिक परंपरेत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या रानवनस्पती येतात, हे त्यांनी तपासले. सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी २७ माळरानाच्या निघाल्या. पंढरपूरच्या मंदिरात संत कान्होपात्रेची म्हणून जी तरटी पुजली जाते, तीही अशाच कोरड्या, काटेरी रानातली. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीही इथला माणूस काटे आणि गवतच पाहत होता.

आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मराठ्यांचे घोडदळ गवतावर चालायचे. राखीव कुरणे ही राज्याची मालमत्ता होती, आणि भीमेच्या खोऱ्यातल्या चाऱ्यावर वाढलेल्या भीमथडी घोड्यांनी लांबलांबच्या मोहिमा पेलल्या. धर्मकल्पनेतही माळाला घर होते. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, तर बाणाई धनगराची. जेजुरीचा गड चढताना बाणाईचे देऊळ वाटेतच लागते. वसलेले गाव आणि मेंढपाळांचा फिरता वाडा ही दोन जगे एकाच देवाच्या संसारात बसवलेली आहेत. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या परंपरांचा माग धनगरांच्या वाटांवरून काढला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचे मूळही गोपजनांच्या देवात शोधले. महाराष्ट्राच्या भक्तीची मुळे अशी चराऊ रानात गेलेली आहेत.

मग माळ ‘रिकामा’ कधी झाला? इंग्रजी अमलात जमिनीची किंमत दोन गोष्टींवर ठरू लागली : शेतसारा आणि लाकूड. नांगराखालची जमीन महसूल खात्याच्या कामाची. इमारती लाकडाचे रान १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी वन खात्याच्या ताब्यात जाऊ लागले. गवत या दोन्ही हिशेबांत कमीच भरले आणि मेंढपाळ रानाचा शत्रू ठरला. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हिशेब तोच राहिला. १९८५ मध्ये पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ नेमले गेले. पुढे उपग्रहाच्या चित्रांवरून देशाच्या पडजमिनींचे नकाशासंग्रह निघाले, त्यांतही झुडपी रानांची गणना पडजमिनीतच झाली. नजर अवकाशात पोहोचली, चष्मा एकोणिसाव्या शतकातलाच होता.

या चष्म्याने माळ वाचवण्याचे प्रयत्नही बिघडवले. १९७९ मध्ये सोलापूरजवळचा नान्नज परिसर केंद्रस्थानी ठेवून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, खासगी शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडताच शेतकऱ्यांच्या नजरेत माळढोक शत्रू झाला. दरम्यान उजनी धरणाच्या पाण्याबरोबर ऊस पसरला. पुढे अभयारण्य सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर महाराष्ट्रात हा पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. राखीव रानातून ज्यांना हाकलले, त्या मेंढक्यांकडे पहारेकरी म्हणून पाहणे क्वचितच सुचले.

धनगर हा माळाचा भाबडा रक्षक होता, असे म्हणणेही खोटे ठरेल. एकाच जागी कळप साचले की गवत खुरटते. लांडग्याने नेलेले मेंढरू हा त्याचा वाटा मानणारे मेंढपाळ आहेत, तसे त्याच्या बिळात धूर करणारेही आहेत. पण फिरतीच्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. दसरा-दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणात जात. भात कापलेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवल्या जात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळत. तेवढ्या काळात मागे राहिलेल्या माळावरचा भार कमी होई. आता वाटेतली शेते बारमाही झाली, गायराने गेली, रोपवनांना कुंपणे पडली. उरलेल्या तुकड्यांवर सगळे कळप एकवटतात, आणि त्यातून होणाऱ्या नासाडीचा दोष पुन्हा मेंढरांवर येतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. मात्र दावा एका गावाच्या ग्रामसभेपुढे मांडायचा असतो आणि वाड्याचे वर्ष अनेक गावांतून, जिल्ह्यांतून जाते. कायदाही स्थिर वस्तीच्या मनानेच लिहिलेला. अलीकडे पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ रानांची सफारी सुरू झाली, पर्यटक लांडगा पाहायला माळावर जाऊ लागले. नजर बदलू शकते, याचा हा पुरावा. तरी कॅमेऱ्यासाठी राखलेला माळ आणि कळपासाठी मोकळा असलेला माळ यांत फरक आहे.

माळाचे नुकसान निसर्गाचा द्वेष करणाऱ्यांनी जेवढे केले, तेवढेच फक्त झाडांवर प्रेम करणाऱ्यांनीही केले. म्हणून पुढच्या वृक्षारोपणाच्या आराखड्यात रोपांच्या आकड्याआधी दोन रकाने हवेत : इथे कोणते गवत आहे आणि इथे कुणाचे कळप येतात. ते भरता येत नसतील, तर त्या जागेवर खड्डा खणू नये.